नऊ पेट्या आणि एक भाकीत

डोळे मिटायचे नाहीत. मिटलेत तर पुढचं वाचणार कसे? उघड्या डोळ्यांनीच मनात एक पेटी आणा. काळी, चपटी, पोळ्यांच्या डब्याहून जरा मोठी. वरच्या अंगाला बारीक फटी, आतली गरम हवा बाहेर पडायला. टीव्हीला जोडली की पडद्यावर गाड्या धावतात, माकडं नारळ फेकतात, चार जण एकाच वेळी खेळू शकतात. बाजारात तिला गेमिंग कन्सोल म्हणतात. आता समजा, ही पेटी तुमची आहे, आणि रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत तुम्हांला ठरवायचं आहे की ती कायमची देऊन टाकायची की ठेवायची. दिलीत, तर कंपनीची नवी पेटी येईल तेव्हा ती आधी तुम्हांला मिळणार. पण नवी कधी येणार, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

काय कराल? घाई करू नका. अकरा वर्षांच्या रूपश्रीपुढं हाच प्रश्न होता, आणि तिनंही घाई केली नाही.

रूपश्रीचं घर बेंगळूरच्या शिवाजीनगरात, बसस्टँडमागच्या गल्लीत. खाली वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर घर. चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून आलेलं हे कुटुंब. घरातल्या मराठीत ‘स्वल्प’ म्हणजे जरासं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, हे शब्द इतके मुरलेले, की ते कानडी आहेत हे रूपाला शाळेत गेल्यावर कळलं. वडील वेणुगोपाल, त्यांना ती अप्पा म्हणे. वडिलांची थोरली बहीण पुष्पावती, तिला मात्र सारी गल्लीच अक्का म्हणायची.

पेटी आली होती होसकोट्याच्या अरविंदमामाकडून. लग्न झाल्यावर मामानं ती स्वतः आणून दिली आणि आता मला खेळायला वेळ मिळेलसं वाटत नाही, असं जरा उदास तोंडानं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी रूपा धरून गल्लीतली सात मुलं तिच्या घरी जमत. कंट्रोलर चार, मुलं सात. त्यामुळं तिघं कायम दुसऱ्याच्या खांद्यावरून ओरडत. कुणी कुठल्या शाळेतला, कुणाच्या घरी कुठली भाषा, हे रविवारी कुणाला आठवत नसे. रूपा एकुलती एक. तिचा आठवडा सोमवारी सुरू होत नसे. तो रविवारी दुपारी सुरू होई आणि रविवारी संध्याकाळीच संपे.

महिन्याभरापूर्वी पेटी आवाज करू लागली. आधी टिकटिक, मग खरखर, आणि खेळ रंगात आला की पिठाच्या गिरणीसारखी घरघर. कधी कधी तापून मध्येच बंद पडे. मुलं तिला पुठ्ठ्यानं वारा घालत.

हिचे दिवस भरले, असं सगळ्यांत आधी म्हणाला तो ध्रुव. ध्रुव समोरच्या इमारतीत राहायचा. वडिलांना इथल्या सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला. बारा वर्षांचा, हुशार, आणि जगात कुठं कुठली नवी पेटी येणार याची बित्तंबातमी ठेवणारा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यानं एक तक्ता केला होता. कंपनीची पहिली पेटी सहा वर्षं चालली, दुसरी सात, आणि आपल्या या तिसरीला सात पुरी झाली. म्हणजे चौथी दारात उभी आहे. शिवाय कंपनीनं जुनीच पेटी हिरव्या रंगात विकायला काढली होती. सांगण्यासारखं नवं काही नसलं की रंग बदलतात. शिवाय नव्या पेटीबद्दल विचारल्यावर कंपनीचे मोठे साहेब मुलाखतीत हसले होते.

“हसले म्हणजे येणार?” रूपानं विचारलं.

“अर्थात. नसती येणार तर सरळ नाही म्हणाले असते ना.”

“माणसं उगीचसुद्धा हसतात, ध्रुव.”

अक्का शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, “जोशीबुवा, ती पेटी सोड. आमच्या गल्लीत पाणी कधी येणार, तेवढं सांग.”

ध्रुव चिडला नाही. त्याच्याकडं सगळ्यांत मोठा पुरावा अजून शिल्लक होता. बसस्टँडजवळ रणजीतण्णाचं जुन्या-नव्या खेळांचं दुकान होतं. तिथं महिन्याभरात याच जातीच्या नऊ पेट्या आल्या होत्या, आणि नऊच्या नऊ हाच आवाज करत होत्या. रणजीतण्णानं दारावर पाटीच लावली होती, की या मॉडेलचं आयुष्य संपत आलं आहे; चालू स्थितीतली पेटी आणून द्या आणि नव्या पेटीच्या यादीत वरचा नंबर घ्या. ध्रुवनं ही नऊ पेट्यांची बातमी इंटरनेटवर लिहिली. एका व्हिडिओवाल्यानं ती उचलली आणि सांगितलं, की भारतातून आलेल्या खात्रीच्या माहितीनुसार जुन्या पेट्या धडाधड मरताहेत, नवी वर्षाच्या आत येणार. तो व्हिडिओ ध्रुवनं पाहिला आणि तक्त्यात नवा मुद्दा लिहिला: ‘परदेशातूनही दुजोरा.’

तो दुजोरा आपलाच होता, आपल्याकडं फिरून आला होता, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. मोठ्या माणसांच्याही येत नाही.

रूपाचं नाव यादीत चौदावं होतं. मुदत रविवारी पाचपर्यंत. सोमवारी सकाळी टेम्पो येणार आणि जमलेल्या पेट्या भंगारात जाणार. पेटी दिली आणि नवी दोन वर्षं आली नाही, तर रविवारी मुलं कशाला येतील? आणि ठेवली, आणि ती बंदच पडली, तर मग रणजीतण्णाही ती घेणार नाही. जुनी गेली, नवीचा नंबरही गेला. दोन्हीकडून रविवार जात होता. रूपानं अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, पेटी तुझी, तूच ठरव.

शनिवारी दुपारी ती खाली दुकानात येऊन बसली. तेवढ्यात नरसिंहराव शिंपी हमालाकडून आपली मशीन घेऊन आले. म्हातारी झाली, आता नवी घ्यावी लागणार, टाका घालताना सारं घर हलतं, असं त्यांचं म्हणणं. अप्पांची एक रीत होती. मशीन समोर आली की ते पान्याला हात लावत नसत. आधी विचारत, कधीपासून? आणि मग, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? नरसिंहराव म्हणाले, काय व्हायचंय, काही नाही. मग आठवून म्हणाले, घराला रंग काढला तेव्हा मशीन या खोलीतून त्या खोलीत नेली, एवढंच. अप्पा हमालाकडून मशीन परत उचलवून त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. मशीनच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मशीन अशी चालू लागली, जशी लोण्यातून सुरी.

अप्पा परत आल्यावर रूपानं विचारलं, की ध्रुव म्हणतो या पेटीची जातच आता संपत आली, ते खरं का?

“असेल. ही जात कधी संपणार ते कंपनीला ठाऊक,” अप्पा हात पुसत म्हणाले. “माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मशिनी बनवणारे कारखाने केव्हाच बंद झालेत. मशिनींना कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या चालताहेत. जातीचं वय निराळं, तुझ्या पेटीचं वय निराळं. ते पेटीला विचार.”

पेटीला कसं विचारायचं? रूपा जिन्यावर बसून विचार करत राहिली. मग उठली आणि ध्रुवच्या घरी गेली. ध्रुव दर रविवारचा शेवटचा सामना मोबाइलवर टिपून ठेवायचा. तिनं सगळे व्हिडिओ उलट्या क्रमानं लावायला सांगितले आणि पडद्याकडं न बघता, कान लावून ऐकत राहिली. नोव्हेंबर, आवाज आहे. ऑक्टोबर, आहे. ऑक्टोबरचा पहिला रविवार, बारीक टिकटिक आहे. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. मुलांचा आरडाओरडा, टीव्हीवरची माकडं, मागं अक्काच्या कुकरची शिट्टी. टिकटिक नाही.

“त्या सहा दिवसांत काहीतरी झालं,” रूपा म्हणाली.

ध्रुवचे डोळे चमकले. कंपनीनं त्या आठवड्यात गुपचूप काहीतरी पाठवलं असणार, असं त्यानं लगेच सांगून टाकलं. जुन्या पेट्या आतून बिघडवायच्या, म्हणजे लोक नवी घेतील. नऊ पेट्या एकदम बिघडतात म्हणजे दुसरं काय? त्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढलं. रूपालाही क्षणभर ते पटलं. इतकं नीट बसत होतं ते, की नऊ पेट्या, एकच आठवडा, एकच आवाज. मग तिनं विचारलं,

“पाठवलं कसं?”

“इंटरनेटवरून.”

“आमची पेटी इंटरनेटला कधी जोडलीये? आमच्याकडं इंटरनेट म्हणजे अप्पांचा फोन, आणि तो त्यांच्या खिशात असतो.”

ध्रुवनं टोपण परत लावलं. मग रूपा बोटांवर दिवस मोजू लागली. सोमवारी आपण खेळलो नाही, सुट्टी असून अक्कानं दिवे घासायला बसवलं होतं. मंगळवारी सगळ्या मशिनी पुसल्या. बुधवारी...

बुधवारपाशी तिचं बोट थांबलं.

बुधवारी आयुधपूजा होती. ध्रुवच्या पुण्याकडं खंडेनवमी म्हणतात, तोच दिवस. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्यारांची, यंत्रांची त्या दिवशी पूजा करायची आणि त्यांना एक दिवस विश्रांती द्यायची. वेणुगोपालांच्या दुकानात या दिवसाचा कारभार अक्काकडं. यंदा तिनं चौदा शिलाई मशिनी, स्कूटर, शिडी, इस्त्री, मिक्सर आणि ध्रुवची सायकल, सगळं ओळीनं मांडलं. रूपानं पेटी आणून शेवटी ठेवली, तेव्हा अक्का म्हणाली होती, हिच्यावर तर सात पोरांचा रविवार चालतो, हिचा मान मोठा. म्हणून पेटीवर हळद-कुंकू, झेंडू, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता, त्याही ओंजळीनं. नंतर सातही मुलांनी भक्तिभावानं आणखी मूठ मूठ टाकल्या. ध्रुवनं तर दोनदा, कारण पहिल्यांदा नेम चुकला होता.

“ध्रुव,” रूपा हळूच म्हणाली, “वरच्या फटी.”

रविवारी सकाळी दुकान बंद होतं. ध्रुव आधीच येऊन बसला होता. अप्पांनी तिला बारीक पेचकस, चिमटा आणि मशीनमधला कचरा काढायचा मऊ ब्रश दिला, आणि स्वतः हात मागं बांधून उभे राहिले. तिनं वायर काढून ठेवली, स्क्रू एकेक काढून वाटीत टाकले, झाकण उचललं. पंख्याच्या पात्यांत, कोपऱ्यांत, जिथं म्हणून जागा होती तिथं लाल तांदूळ बसलेले. पात्याला झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटली होती. पंखा फिरला की तीच टिकटिक करत असणार. रूपानं चिमट्यानं दाणे उचलून ताटलीत ठेवले. सव्वीस भरले.

अप्पा कितीतरी वेळ ताटलीकडं बघत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते मोठ्यानं कधी हसत नसत. पण त्या दिवशी त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

झाकण लावून, दुकानातल्या जुन्या टीव्हीला जोडून पेटी सुरू केली, तर आवाजच नाही. इतकी शांत, की ध्रुवला वाटलं सुरूच झाली नाही. मग पडद्यावर माकड आलं.

हसणं ऐकून अक्का खाली आली. रूपानं ताटली पाठीमागं लपवली. चाळीस वर्षं इतक्या मनापासून पूजा करणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं? पण ताटलीतले दाणे सांडले आणि सांगावंच लागलं. अक्कानं एक दाणा उचलून उजेडात धरला. चेहरा क्षणभर उतरला.

“शिलाई मशीनला वरून फटी नसतात,” अप्पा म्हणाले. “तुला तिचीच सवय, अक्का.”

“म्हणजे महिनाभर माझ्या तांदळावर पोसली म्हणायची ही,” अक्का म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना. “पुढच्या वर्षी हिला नुसतं कुंकवाचं बोट. बाकी सगळं लांबून.”

सगळे हसत असताना ध्रुव मात्र हसत नव्हता. तो रूपाकडं बघत होता, रूपा त्याच्याकडं. रणजीतण्णाच्या नऊ पेट्या. सगळ्या दसऱ्यानंतर आलेल्या.

त्यांनी दुपारी चारला गल्लीतली सगळी मुलं गोळा केली. मुलं खरं तर पेटीला निरोप द्यायला नव्या कपड्यांत आली होती. रूपानं पेटी, वायरी आणि चारही कंट्रोलर पिशवीत घातले. पेटीचा शांतपणा दाखवल्याशिवाय रणजीतण्णाला पटलं नसतं. एक नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे अजून रिक्षांवर फडकत होते. त्यांच्यातून वाट काढत सातही मुलं दुकानात शिरली.

रणजीतण्णानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. छे, आपणसुद्धा पूजा करतो, तांदूळ का कुठं आत जातो, असं तो म्हणाला. रूपानं वाद घातला नाही. पिशवीतून पेचकस काढला आणि ढिगातली पहिली पेटी उघडायची परवानगी मागितली.

“स्वल्प जपून गं,” रणजीतण्णा म्हणाला.

झाकण उघडलं. आत लाल तांदूळ होते, आणि एक सुपारीचं खांडसुद्धा. रणजीतण्णा आतून दुसरा पेचकस घेऊन आला. नऊपैकी सहा पेट्यांत अक्षता निघाल्या. सातवीत कुंकू गोळा होऊन घट्ट बसलं होतं. आठवीत झुरळांनी संसार मांडला होता. ती दोन मुलींनी बाहेर नेऊन उघडली. नवव्या पेटीचा पंखा मात्र खरोखरच झिजला होता. त्या एका पेटीचे दिवस भरले होते, हे ध्रुवचं म्हणणं खरं निघालं, पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

उलट तो कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर लिहीत बसला. नऊ पेट्यांत काय काय निघालं ते त्यानं आकड्यांसकट लिहिलं, चूक आपली होती हेही लिहिलं, आणि त्या व्हिडिओवाल्यालाही पाठवलं. पहिली बातमी चार हजार लोकांनी पुढं पाठवली होती. ही फक्त तिघांनी पाठवली, त्यातले दोघं त्याचे आईवडील. तरी त्यानं ती खोडली नाही.

रणजीतण्णानं खुर्ची चढून दारावरची पाटी काढली. खाली उतरताना त्याला एक शंका आली. पेट्या तर चांगल्या निघाल्या, लोकांना बोलावून परत देऊ. पण लोक विचारतील त्याचं काय?

“मग नवी पेटी येणार तरी कधी?” त्यानं विचारलं.

सगळी मुलं ध्रुवकडं बघू लागली. ध्रुव म्हणाला, “मला माहीत नाही.” हे शब्द त्याच्या तोंडून गल्लीनं प्रथमच ऐकले.

“मलाही नाही,” रूपा म्हणाली. “येईल तेव्हा येईल. बघू.”

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. गल्ल्यावर यादीची वही होती, सुतळीला पेन बांधलेलं. रूपानं वही ओढली, चौदावा नंबर शोधला आणि आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली. मग तिनं वर पाहिलं. दुकानाच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही होता. घरी जाईपर्यंत रविवार संपत आला असता. तिनं पिशवीतून पेटी काढली, गल्ल्यावर ठेवली, वायर टीव्हीला जोडली, तीन कंट्रोलर मुलांत वाटले, चौथा रणजीतण्णाच्या हातात दिला, आणि स्वतः त्याच्या खांद्यावरून वाकून त्याला डावीकडं वळ, डावीकडं वळ, असं ओरडून सांगू लागली.